दरवाजा उघडणाऱ्याची सुरक्षा : रुग्णालयांतल्या ईटीओ वायूचा आढावा

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरच्या अन्नसुरक्षा यंत्रणांनी काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली आणि 'इथिलीन ऑक्साइड' हे नाव घराघरांत पोचलं. मसाल्यात त्याचा अंश सापडला म्हणून आपण सगळे हादरलो. हाच वायू पुण्यातल्या रुग्णालयांत रोज वापरला जातो आणि तिथे त्याच्यावाचून अडतं, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत कुठे आली नाही. रुग्णालयात त्याला कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही. 'कॅथेटर ईटीओला टाकलेत', 'ईटीओ उद्या सकाळी निघेल' अशीच भाषा असते. शस्त्रक्रियेच्या यादीत रुग्णाचं नाव असतं, सर्जनचं असतं, भूलतज्ज्ञाचं असतं. ज्या खोलीतून हत्यारं निर्जंतुक होऊन येतात ती सीएसएसडी बहुधा तळघरात असते. तिथे काम करणारे तंत्रज्ञ, मामा आणि मावशी त्या यादीत नसतात. हा आढावा प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

निर्जंतुकीकरणाचा सर्वांत भरवशाचा मार्ग वाफेचा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसला स्टीलची हत्यारं, कापड, ड्रेसिंगचं सामान बिनघोर टाकता येतं. पण हृदयाची कॅथेटर, प्लॅस्टिकच्या श्वासनळ्या, नाजूक वायरी आणि काही दुर्बिणी त्या उष्णतेत वितळतात, वाकतात किंवा निकामी होतात. ईटीओ ३७ ते ६३ अंशांच्या दरम्यान काम करतो, कागदाच्या किंवा विशेष प्लॅस्टिकच्या वेष्टनातून आरपार जातो आणि लांब, बारीक नळीच्या आतही पोचतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या हिशेबाप्रमाणे तिथली जवळपास निम्मी निर्जंतुक वैद्यकीय साधनं याच वायूतून जातात. आपल्याकडे सीलबंद पाकिटात मिळणाऱ्या सिरिंज, सलाइनचे संच आणि कॅथेटर यांच्या वेष्टनावर 'ईओ' अशी खूण पुष्कळदा दिसते.

शार्ल-अडॉल्फ व्युर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये हा पदार्थ प्रथम तयार केला. त्याच्या रेणूत तीन अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. ते सहज उघडतं आणि समोर येईल त्या प्रथिनाला, त्या डीएनएला चिकटतं. जंतू मरतो तो यामुळेच. पण जंतूचा डीएनए आणि माणसाचा डीएनए यांत हा वायू भेद करत नाही. त्याचा विषारीपणा हा त्याच्या उपयोगाला चिकटलेला वेगळा दोष नव्हे, ज्या गुणासाठी आपण तो वापरतो तो गुणच विषारी आहे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

आता मिश्रणांकडे येतो, कारण बहुतेक गोंधळ तिथे आहे.

शुद्ध ईटीओ १०.७ अंशांना उकळतो. म्हणजे पुण्यातल्या जानेवारीच्या एखाद्या कडाक्याच्या पहाटेचा अपवाद सोडला तर आपल्या हवेत तो वायूच असतो. हवेत त्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर गेलं की तो पेटू शकतो आणि या पेटण्याला वरची मर्यादाच नाही. हवा अजिबात नसली तरी ठिणगी मिळाल्यावर तो स्वतःच फुटून स्फोट होऊ शकतो. या आगीच्या भीतीपोटी त्यात न पेटणारा दुसरा वायू मिसळण्याची पद्धत आली. जगभर अनेक वर्षं १२ भाग ईटीओ आणि ८८ भाग फ्रिऑन-१२ हे मिश्रण चाललं. ते वापरायला सोयीचं होतं. पण फ्रिऑन ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते मागे पडलं. भारतानेही २००८ मध्ये अशा वायूंचं उत्पादन थांबवलं. मग मुख्यतः दोन वाटा उरल्या : कार्बन डायऑक्साइडबरोबरचं मिश्रण, नाहीतर छोट्या कार्ट्रिजमधला शुद्ध ईटीओ.

कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण म्हटलं की 'ते पेटत नाही' असं सांगितलं जातं. हे विधान अर्धंच खरं आहे. ईटीओ ९ टक्क्यांपर्यंत असेल तरच आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्या मिश्रणाला ज्वालाग्राही मानत नाही आणि त्याचा क्रमांक यूएन १९५२ असतो. ९ टक्क्यांच्या पुढे गेलं की क्रमांक यूएन १०४१ होतो आणि ते मिश्रण ज्वालाग्राही वर्गात येतं. २० किंवा ३० टक्के ईटीओची मिश्रणं वापरात आहेत, तीही याच वर्गातली. शुद्ध ईटीओ यूएन १०४०. सिलिंडरवरचा हा चार आकडी क्रमांक वाचणं हे सीएसएसडीतल्या प्रत्येकाला यायला हवं, निदान आत येणारा प्रत्येक सिलिंडर वाचून मगच सही व्हायला हवी. वजनाने टक्के की आकारमानाने, हा घोळ मात्र या मिश्रणात होत नाही. दोन्ही रेणूंचं वजन जवळपास सारखंच, ४४ आहे, त्यामुळे कुठल्याही मापाने टक्केवारी तीच येते.

खरी अडचण सिलिंडरच्या आत आहे. कार्बन डायऑक्साइड ईटीओपेक्षा कितीतरी अधिक उडून जाणारा. सिलिंडर उभा ठेवून वरचा वायू ओढला तर आधी कार्बन डायऑक्साइड जास्त येतो आणि तळाशी ईटीओ साठत जातो. निर्जंतुकीकरणाच्या पहिल्या काही फेऱ्यांत यंत्राच्या चेंबरमध्ये ईटीओ कमी पडतो, म्हणजे साधनं निर्जंतुक न होण्याचा धोका. शेवटच्या फेऱ्यांत तो जास्त येतो, म्हणजे 'न पेटणारं' मिश्रण पेटणारं होण्याचा धोका. एकाच सिलिंडरमध्ये रुग्णाचा धोका सुरुवातीला आणि कामगाराचा शेवटी. म्हणून या सिलिंडरांत तळापर्यंत जाणारी नळी असते. तिच्यातून द्रव बाहेर येतो आणि मग तापवून त्याचा वायू केला जातो. ती नळी, तो तापक आणि दर फेरीची नोंद यांतलं एक जरी ढिलं पडलं तरी मिश्रणाची टक्केवारी फक्त लेबलावर उरते.

दुसरी अडचण दाबाची. निर्जंतुकीकरणासाठी चेंबरमध्ये दर लिटरमागे निदान ४५० मिलिग्रॅम ईटीओ लागतो. तो ९ टक्क्यांच्या मिश्रणातून आणायचा तर त्याच्याबरोबर दसपट कार्बन डायऑक्साइड आत भरावा लागतो आणि ५५ अंशांना चेंबरमधला दाब वातावरणाच्या जवळपास तिप्पट होतो. तेवढाच ईटीओ शुद्ध स्वरूपात सोडला तर दाब वातावरणाच्या पाव पटीच्या आसपास राहतो. फरक कुठे पडतो? दरवाजाचं रबरी सील झिजलं तर मिश्रणाच्या यंत्रातून वायू बाहेर खोलीत येतो. कमी दाबावर चालणाऱ्या कार्ट्रिजच्या यंत्रात मात्र खोलीतली हवा आत ओढली जाते. मिश्रणाने आगीचा धोका कमी होतो हे मान्य. पण विषाचा धोका त्याने कमी होत नाही, उलट गळतीची दिशा माणसाकडे वळते. माझं मत स्पष्ट आहे. मध्यम आणि लहान रुग्णालयांसाठी मोठ्या सिलिंडरांपेक्षा एका फेरीपुरतं कार्ट्रिज बरं. चेंबर बंद होऊन आत निर्वात झाल्यावरच ते फुटतं आणि साधनांत अडकलेला वायू काढण्याचं काम, म्हणजे एअरेशनही, त्याच चेंबरमध्ये होतं. कार्ट्रिजमधला वायू पेटणारा असतो, म्हणून त्याचा साठा थंड, हवेशीर आणि ठिणगीपासून दूर असलेल्या कपाटात, मोजकाच ठेवायला हवा. पण मोजक्या कार्ट्रिजवर नजर ठेवणं सिलिंडरांच्या रांगेपेक्षा सोपं असतं.

यंत्र कुठलंही असो, फेरी चार गोष्टींवर तोलली जाते : वायूचं प्रमाण, तापमान, वेळ आणि ओलावा. पहिल्या तिन्हींकडे लक्ष जातं, चौथीकडे जात नाही. पुण्यात हे दुर्लक्ष महागात पडू शकतं. एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, त्यात एसीची हवा आणखी कोरडी. कोरडं पडलेलं जंतुबीज ईटीओला दाद देत नाही. ४० ते ८० टक्के आर्द्रता हवी, म्हणून फेरीआधी सामान ओलसर हवेत मुरवावं लागतं. पावसाळ्यात उलटी चूक होते. नीट न वाळलेली नळी तशीच पॅक झाली तर आतल्या पाण्याशी ईटीओचा संयोग होऊन इथिलीन ग्लायकॉल तयार होतं. सलाइनचा अंश राहिला असेल तर क्लोरोहायड्रिन हे अधिक चिवट विष तयार होतं. हत्यार आधी नीट धुऊन, नळीत हवा फुंकून पूर्ण वाळवणं हे काम कंटाळवाणं म्हणून नव्या पोरावर सोपवलं जातं, पण निम्मी सुरक्षा तिथेच ठरते.

फेरी यशस्वी झाली की नाही हे पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला यावरून ठरवणं पुरेसं नाही. रंग बदलतो याचा अर्थ वायू तिथपर्यंत पोचला, एवढाच. जंतू मेले का, हे बॅसिलस अ‍ॅट्रोफेअस या चिवट जंतुबीजाची कुपी सामानाच्या मधोमध ठेवून तपासायचं असतं. वाफेच्या ऑटोक्लेव्हसाठी वेगळं जंतुबीज लागतं, एकाची कुपी दुसऱ्याला चालत नाही.

आता एअरेशन. प्लॅस्टिक आणि रबर ईटीओ पिऊन घेतात, पीव्हीसी तर विशेषच. फेरी संपली तरी तो वायू आत अडकलेला असतो आणि तासन्‌तास सुटत राहतो. ५० अंशांच्या गरम हवेत १२ तास किंवा ६० अंशांत ८ तास ठेवलं तर तो बऱ्यापैकी निघून जातो. खोलीच्या तापमानाला नुसतं ठेवायचं म्हटलं तर सुमारे ७ दिवस लागतात. हे तास कमी केले तर काय होतं? अशा श्वासनळीने घसा आणि स्वरयंत्र भाजल्याच्या, मास्कने चेहरा पोळल्याच्या, रक्तपेशी फुटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डायलिसिसच्या काही रुग्णांना नव्या डायलायझरच्या पहिल्याच वापरात तीव्र अ‍ॅलर्जी यायची, त्यामागे त्यात उरलेला ईटीओ असल्याचं पुढे दिसून आलं. आयएसओच्या मानकाप्रमाणे २४ तासांपेक्षा कमी वापराच्या साधनातून रुग्णाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ईटीओ मिळता कामा नये. एकदाच वापरायचं साधन पुनःपुन्हा ईटीओला घालून वापरलं जातं, तिथे हा हिशेब कुणीच ठेवत नाही. ती प्रथा परवडण्याच्या नावाखाली चालते. तिच्यावर स्वतंत्र लेख हवा.

रुग्णाच्या वाट्याला हा वायू एकदा येतो, कामगाराच्या वाट्याला रोज. स्वीडनमध्ये रुग्णालयीन सामान निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यात १९७२ ते १९७७ या काळात २३० कामगारांत रक्ताच्या कर्करोगाचे ३ रुग्ण सापडले, अपेक्षा होती ०.२ ची. तिथेही मिश्रणच होतं, निम्मा ईटीओ आणि निम्मं मिथाइल फॉर्मेट. १९७९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जग जागं झालं. १९८२ मध्ये फिनलंडच्या अभ्यासात गर्भारपणी निर्जंतुकीकरणाचं काम करणाऱ्या रुग्णालयीन स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण १६.७ टक्के आढळलं, ते काम न करणाऱ्यांत ५.६ टक्के. पुढे अमेरिकेत सुमारे अठरा हजार कामगारांचा दीर्घ पाठपुरावा झाला. सगळ्यांचा एकत्र विचार करता कर्करोग वाढलेला दिसला नाही. पण ज्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं जास्त वायू गेला त्यांच्यात लसिकापेशींचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग यांचा संबंध दिसला. म्हणजे प्रश्न मात्रेचा आहे आणि मात्रा कमी करणं माणसाच्या हातात आहे.

अमेरिकेने १९८४ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी हवेत दहा लाखांत १ भाग ही मर्यादा घातली, १९८८ मध्ये पंधरा मिनिटांसाठी ५ भागांची. नाकाला हा वायू कळतो तो दहा लाखांत काहीशे भाग झाल्यावर, गोडसर ईथरसारख्या वासाने. 'वास येत नाही, म्हणजे गळती नाही' हे वाक्य म्हणूनच जिवावरचं आहे. वास आला तेव्हा मर्यादा शेकडो पटींनी ओलांडलेली असते. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची चुरचुर ही लक्षणं उन्हावर आणि जागरणावर ढकलली जातात. कापडी मास्क, सर्जिकल मास्क, एन-९५ यांपैकी कशानेही वायू अडत नाही, ते कणांसाठी असतात. द्रव ईटीओ सांडला तर चामड्याचा बूट आणि साधे हातमोजे तो भेदून जातो, बूट काढून टाकूनच द्यावा लागतो. मोठी गळती झाली तर धाडस न करता खोली रिकामी करायची. आत जायचं ते पाठीवर हवेची टाकी असलेल्या, शिकलेल्या माणसानेच.

सर्वांत मोठा झोत दरवाजा उघडताना येतो. एअरेशनची सोय वेगळ्या कपाटात असलेल्या जुन्या यंत्रांत दरवाजा किंचित उघडून खोलीबाहेर जायचं, किमान पंधरा मिनिटं परत यायचं नाही, आणि मग ट्रॉली ओढायची, ढकलायची नाही, म्हणजे हवेचा झोत तोंडावर येत नाही. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, तो खाली साठतो. म्हणून तळघरातल्या खोलीत नुसता छताजवळचा एग्झॉस्ट पंखा पुरत नाही. जमिनीलगतून हवा ओढणारी, फक्त या खोलीची अशी स्वतंत्र नळी हवी. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा आणि तासाला निदान दहा वेळा हवा बदलायला हवी. पेठांत आणि उपनगरांत निवासी इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर रुग्णालयं चालतात. तिथे ही नळी शेजाऱ्याच्या खिडकीशी किंवा स्वतःच्याच एसीच्या तोंडाशी उघडत नाही ना, हे गच्चीवर जाऊन पाहावं.

घाई काय करते याचं एक उदाहरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. १९ ऑगस्ट २००४ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओंटारियो इथे एका व्यावसायिक निर्जंतुकीकरण केंद्रात स्फोट झाला. दुरुस्तीनंतर रिकाम्या चेंबरची चाचणी चालली होती. आत माल नाही, मग वायू धुऊन काढणाऱ्या फेऱ्या कशाला, असं ठरलं. पर्यवेक्षकाने पासवर्ड वापरून त्या टप्प्यांना बगल दिली आणि दरवाजा उघडला. बाहेर जाणाऱ्या वायूचं मिश्रण पेटणाऱ्या प्रमाणात होतं. ते वायू जाळून टाकणाऱ्या उपकरणापर्यंत पोचलं, तिथे ज्योत होतीच, आणि आग नळीतून उलटी चेंबरमध्ये शिरली. चारजण जखमी झाले. यंत्रात दोष नव्हता. संरक्षण होतं आणि ते माणसाने काढलं होतं. आपल्याकडे २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण गेले. रुग्णालयातला वायू म्हणजे फक्त नळातून येणारी सोय नव्हे, हे महाराष्ट्राने त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन पाहिलं.

कायद्याचं चित्र तुटक आहे. सिलिंडर भरणं, नेणं आणि ठराविक मर्यादेपलीकडे साठवणं हे २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतं. ते पाहणारी पेसो ही केंद्रीय संस्था नागपुरात आहे. आगीपुरतं महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली महापालिकेचं अग्निशमन दल पाहतं. निर्जंतुक साधनांचे उत्पादक २०१७ च्या वैद्यकीय साधन नियमांखाली येतात. पण रुग्णालयातल्या खोलीची हवा कोण मोजतं? कारखाना निरीक्षकाची नजर पारंपरिकपणे कारखान्यावर, रुग्णालय कारखाना नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना येते, त्यामुळे रुग्णालयांना आता सबब उरू नये. बाहेरच्या हवेचंही तेच. २००९ मध्ये ठरवलेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत, त्यांत बेन्झीन आहे, ईटीओ नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या विलोब्रुकमध्ये परिसराच्या हवेत ईटीओ सापडल्यावर तिथलं केंद्र २०१९ मध्ये बंद झालं आणि २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने अशा केंद्रांचं उत्सर्जन नव्वद टक्क्यांहून अधिक कमी करण्याचा नियम आणला.

पर्याय आहेत, पण पूर्ण पर्याय नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्लाझ्मा तासाभरात काम आटोपतो आणि मागे पाणी व ऑक्सिजन ठेवतो. मात्र कागद, कापूस त्याला चालत नाही आणि फार लांब, बारीक नळीत तो नीट पोचत नाही. गॅमा किरणांची सोय महाराष्ट्रातच सर्वांत आधी आली, भाभा अणुसंशोधन केंद्राचा ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून आहे. ती कारखान्यातून निघणाऱ्या मालासाठी उत्तम, रात्री वापरून सकाळी हव्या असलेल्या हत्यारासाठी नाही. फॉर्मालिनच्या गोळ्या टाकलेल्या डब्यात दुर्बिणी ठेवण्याची जुनी सवय मात्र सोडायलाच हवी. फॉर्माल्डिहाइडही कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात आहे आणि गोळ्यांच्या डब्यात प्रमाण, वेळ, ओलावा यांपैकी काहीच मोजलं जात नाही.

म्हणून आधी वापर कमी करा. जे वाफेत जातं ते वाफेतच घाला. प्लाझ्मात जाणारं प्लाझ्मात. उरलेल्यासाठीच ईटीओ. तो प्रत्येक गल्लीतल्या रुग्णालयाने आपापल्या यंत्रात चालवण्यापेक्षा काही रुग्णालयांनी मिळून एक नीट बांधलेलं, वायू जिरवणारं उपकरण असलेलं केंद्र चालवावं. पुण्यासारख्या दाट शहरात हे अवघड नाही. खोलीत आवाज करणारा वायुमापक हवा, कामगाराच्या कॉलरवर महिन्याकाठी एकदा तरी वायूची मात्रा मोजणारी पट्टी हवी आणि तिचा आकडा त्याला सांगितला जायला हवा. गर्भार स्त्रीला हे काम देऊ नये आणि त्यापायी तिचा एक रुपयाही कापू नये. कंत्राटी कामगार बदलला की प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून व्हायला हवं.

सर्जन मंडळींना एक विनंती. सकाळी साडेसातची केस आहे, कॅथेटर लगेच हवं, असा फोन सीएसएसडीला जातो, तेव्हा समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. एअरेशनचे तास पूर्ण झाले नसतील तर केस पुढे ढकला, नाहीतर साधनांचा दुसरा संच विकत घ्या. तो फोन करू नका.